ठेवायचा ठिपका, काढायचा ठिपका

नगर जिल्ह्यातल्या मेलेल्या माणसांपैकी निम्मी मी देखणी केलेली आहेत. उरलेली निम्मी जिवंतपणीच माझ्या दुकानात येऊन देखणी होऊन गेली. कोणाला हे फुगवून सांगितल्यासारखं वाटत असेल, तर त्याने जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात जावं, बैठकीच्या भिंतीवर हार घातलेला फोटो बघावा आणि त्यातल्या आजोबांचा कोट नीट न्याहाळावा. तो कोट माझा आहे. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधला. एका लग्नाच्या फोटोतल्या वऱ्हाड्याच्या अंगावरून मी तो एकदा उचलला, आणि पुढे कर्जतपासून कोपरगावपर्यंत तो किती जणांच्या अंगावर चढला याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच असेल. जन्मभर धोतर-बंडीत राहिलेली माणसं वर गेल्यावर एकसारख्या काळ्या कोटात रांगेने उभी असलेली पाहून त्यालाही वाटलं असेल, की नगरकडे एखादी बँडपार्टी बुडाली की काय.

दिल्ली गेटाच्या आत, एका बोळात माझं दुकान होतं. नव्वदच्या दशकात जे कॉम्प्युटरवाले नगरमध्ये उगवले त्यातला मी एक. बाकीचे पत्रिका आणि पावतीपुस्तकं करायचे. मी फोटो करायचो. फोटो काढायचो नाही, ते स्टुडिओवाल्यांचं काम. मी आयता फोटो स्कॅन करायचो, हवा तेवढा लहान-मोठा करायचो आणि त्याला धार लावायचो. ‘धार लावणं’ हा शब्द माझाच. पलीकडच्या गाळ्यात प्रेस चालवणारे करीमभाई त्यावर रोज एकच शेरा मारायचे, “सुधाभाऊ, धार सुरीला लावतात. फोटोला लावून काय कांदे कापणार?”

परक्या माणसाला हा धंदा मी ज्वारीवरून समजावतो. स्कॅन केलेला फोटो म्हणजे ताटात पसरलेले ज्वारीचे दाणे. प्रत्येक दाण्याचा एक रंग. फोटो मोठा करायचा म्हणजे तेच दाणे परातीत पसरायचे. मधे फटी पडतात, आणि त्या फटींत कॉम्प्युटर आपल्या मनाचे दाणे भरतो. लहान करायचा म्हणजे तेच दाणे वाटीत बसवायचे. बसत नाहीत, मग बरेचसे फेकावे लागतात. कुठले फेकले, हे कॉम्प्युटर तुम्हाला विचारत नाही. दोन्हीकडे फोटो थोडा बुळबुळीत होतो, म्हणून शेवटी धार. जिथे काळं आणि पांढरं एकमेकांना भेटतं तिथे काळं जरा जास्त काळं करायचं, पांढरं जरा जास्त पांढरं. नवीन काहीच दिसत नाही, पण बघणाऱ्याला वाटतं, वा, काय स्वच्छ आलाय! एवढीच हातचलाखी. मात्र धार जास्त झाली की कडेने पांढरी रेघ उमटते आणि माणूस ट्यूबलाइटसमोर उभा असल्यासारखा दिसतो.

माणूस कशाला, बैलसुद्धा. घोडेगावच्या बाजारात जनावरांचा व्यापार करणारे एक अण्णा माझ्याकडे त्यांच्या खिलार बैलाचा फोटो घेऊन आले. हँडबिल काढायचं होतं. तेव्हा मी नवशिका, हातात नवीन हत्यार. एवढी धार लावली, एवढी लावली, की त्या बैलाच्या शिंगांपासून शेपटीपर्यंत चारही बाजूंनी पांढरं वलय उभं राहिलं. छापून झाल्यावर अण्णांनी विचारलं, “सुधाभाऊ, ह्या बैलाच्या कडंनी ही लाईट कसली?”

“तेज आहे अण्णा.”

“माझ्या बैलाला?”

“तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नाही.”

अण्णा हँडबिलांचा गठ्ठा घेऊन गेले. पुढच्या बाजारात गिऱ्हाईक हँडबिल हातात धरून बैल शोधत आलं, आणि समोरचा बैल बघून म्हणालं, “ह्यो तो न्हवं. त्याच्या कडंनी उजेड हुता.” अण्णांनी मग काय केलं असेल? बैलाच्या शिंगांना आणि वशिंडाला चुना लावला आणि त्याला उन्हात उभा केला. बैल विकला गेला. ज्याला खोटं वाटतं त्याने घोडेगावला जाऊन विचारावं. अण्णा आता नाहीत, बैलही नाही, पण तो बाजार अजून भरतो.

तर अशा माझ्या तेजस्वी कारकिर्दीत एक दिवस मास्तर आले.

मास्तर म्हणजे सिद्धार्थ मास्तर. जामखेडच्या पुढच्या एका खेड्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आवाज हळू. “जय भीम” म्हणून बसले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून मतदानाचं ओळखपत्र.

“आईचं आहे,” म्हणाले. “पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय. दुसरा फोटो नाही.”

ती कार्डं तेव्हा नवीनच निघाली होती. गावोगावच्या शाळांत रांगा लावून फोटो काढलेले, उजेड खिडकीतून मागून येणारा, चेहरा अंधारात. माझ्या स्वतःच्या कार्डावर मी माझ्या सासऱ्यांसारखा दिसतो. पण खेड्यापाड्यातल्या कितीतरी बायकांचा आयुष्यातला एकुलता एक फोटो तोच होता. मास्तरांच्या आईला, पारूबाईंना, फोटोचं वावडं होतं. घरातल्या लग्नाच्या फोटोंत त्या कुठे आहेत हे सांगावं लागायचं, कारण फ्लॅश उडायच्या आत पदर तोंडावर आलेला असायचा. त्या शाळेतल्या रांगेत मात्र ‘पदर मागं घ्या’ म्हणून कोणीतरी दरडावलं, म्हणून एवढं तरी उरलं होतं. अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा.

मास्तरांना तीन गोष्टी हव्या होत्या. भिंतीसाठी मोठी फ्रेम. कार्यक्रमाच्या पत्रकावर छापायला मध्यम आकाराचा फोटो. आणि तिसरी गोष्ट सांगताना ते खुर्चीत पुढे सरकले.

“माझा थोरला भाऊ कुवेतला आहे. प्रकाश. वेल्डर आहे. आई गेली तेव्हा त्याचा पासपोर्ट कंपनीकडं होता, त्याला येता आलं नाही. त्याच्याजवळ आईचा एकही फोटो नाही. तिथल्या फोरमनच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट आलंय म्हणतो. त्यावर फोटो पाठवता येतो का? कार्यक्रमाच्या दिवशी तिकडं तोही मेणबत्ती लावणार आहे. बाबांचं म्हणणं एवढंच आहे, की त्याला आई दिसली पाहिजे.”

इथे कोणी शहाणा असता तर म्हणाला असता, प्रयत्न करतो. मी म्हणालो, “मास्तर, तुम्ही घरी जाऊन निवांत झोपा. परत याल तेव्हा आई तुम्हाला ‘जेवलास का’ म्हणून विचारतील.”

मग मी कामाला लागलो. माझा स्कॅनर इतका संथ होता, की त्याची दांडी कार्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोहोचेपर्यंत जामखेडची एसटी सुटून, वाटेत पंक्चर होऊन, परत स्टँडवर आलेली असायची. फोटो पडद्यावर उघडला आणि माझा हात कपाळावर गेला. कार्डावरची छपाई म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. ती मोठी केली की चेहऱ्याच्या जागी चाळण दिसते. त्यावर प्लास्टिकचे ओरखडे, पिशवीत राहून राहून लागलेले डाग.

अशा वेळी आधी फोटो थोडा मुद्दाम धूसर करायचा, म्हणजे जाळी विरघळते. मग मोठा करायचा. मग एक एक डाग पुसायचा, म्हणजे शेजारच्या स्वच्छ कातडीचा तुकडा उचलून त्यावर ठेवायचा, गोधडीला ठिगळ लावतात तसा. शेवटी धार. हे सगळं मी अशा तब्येतीत केलं, की देवाने पाहिलं असतं तर मला कामाला ठेवलं असतं. ओरखडे गेले. डाग गेले. सुरकुत्या निम्म्या झाल्या. गाल लोण्यासारखे. डोळ्यांत धार. मी भिंतीवर थाप मारून करीमभाईंना बोलावलं. ते शाईच्या हातांनी आले, पडद्याकडे बघून म्हणाले, “वा! कोणत्या पिक्चरमध्ये आहे?”

ही स्तुती आहे असं मी तेव्हा धरलं.

मास्तर ठरल्या दिवशी आले ते वडिलांना घेऊन. किसनबाबा. साखर कारखान्यात बॉयलरवर काम करून रिटायर झालेले, उंच, वाळलेले, डोक्याला उपरणं. मी थिएटरवाल्यासारखा पडदा त्यांच्याकडे फिरवला.

आधी मास्तर बोलले. “डोक्याभोवती हे पांढरं काय आहे?”

जुनी खोड. धार जरा जास्तच झाली होती. तोंडातून सवयीने निघालं, “तेज आहे.”

“आई साधी बाई होती हो,” मास्तर म्हणाले. “मोलमजुरी करून आम्हाला शिकवलं. प्रभावळ काढा तेवढी.”

किसनबाबा अजून पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, “ही कोन हाय?”

“आई हाय बाबा.”

“कुनाची?”

“आपली.”

“आपली न्हाई,” बाबा शांतपणे म्हणाले. “चांगल्या घरची बाई हाय कुनीतरी. पर आपली न्हाई.”

दुकानात दुसरं कोणी नाही ना, हे मी आजूबाजूला बघून घेतलं. करीमभाई दारात उभे होते.

“हिच्या गालावरचं गोंदन कुठंय?” बाबांनी मला विचारलं.

वाचकहो, ते गोंदण कचऱ्यात होतं. कपाळावरचं, हनुवटीवरचं आणि गालावरचं, सगळं मी डाग समजून वेचून काढलं होतं, त्यावर कातडीची ठिगळं लावली होती आणि वरून धार मारली होती. तसं त्या पिढीच्या बायकांच्या चेहऱ्यावर गोंदण असतं, हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या आजीच्या हातावर अख्खं तुळशीवृंदावन होतं. पण पडद्यावर एवढं मोठं करून बघताना चेहरा दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. आणि ठिपका दिसला की पुसायचा, हा माझ्या बोटांचा धर्म झाला होता.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. स्टूल ओढून बसले आणि सांगू लागले.

“ल्हानपनी जत्रंत तिच्या आयनं तिला गोंदाया बसवली. कपाळावचं झालं, हनवटीचं झालं. मग हिला कळ लागली अन् ही उठून पळाली. गोंदनारीन काय सोडती व्हय? पळता पळता धरली, त्या झटापटीत सुई गालाला लागली. तो ठिपका गालाव. वाकडाच. लगीन झाल्याव मला म्हनली, बाकीचं माझं हाय, ह्यो गालावचा तेवढा गोंदनारनीचा हाय.” बाबा हसले. “आन् पर्काश. ल्हान हुता तवा त्या ठिपक्याव बोट ठेवल्याबिगर झोपायचा न्हाई. लाईटीचं बटन दाबल्यावानी. बोट ठेवलं की झोपला. आता तूच सांग भाऊ, तो तिकडं फोटू बघंल तवा पयलं काय हुडकंल?”

मी तो लोण्यासारख्या गालांचा फोटो बंद केला. करीमभाईंनी तर तो प्रसंग पुढे जन्मभर लोकांना सांगितला.

मूळ स्कॅन सुदैवाने मी पुसला नव्हता. तो परत उघडला आणि खरी अडचण समोर आली. चेहऱ्यावर एवढे ठिपके, की तांदळात खडे निवडावेत तसं बसावं लागणार. यातलं पारूबाईंचं कुठलं आणि कार्डाचं कुठलं, हे मला कळणं शक्य नव्हतं. मास्तरांनाही नीट सांगता येईना. आईचा चेहरा आपण रोज बघतो, पण कोणी नकाशा काढायला सांगितला तर हात अडखळतो. सांगू शकणारा माणूस एकच होता, तो स्टुलावर बसला होता.

मी एक ठिपका पकडण्यासाठी फोटो मोठा केला. अख्ख्या पडद्यावर नुसता गाल आला.

“ही पारू हाय का जामखेडचं माळरान?” बाबा म्हणाले. “मागं घे.”

मागं घेतला. आता त्यांना बायको दिसत होती, पण मला ठिपका धरता येईना. मग आमची एक पद्धत बसली. चेहरा पूर्ण दिसेल एवढा लहान करायचा, बाबांनी बोट ठेवायचं, मी तिथे खूण करायची, मोठा करायचा, काम करायचं, पुन्हा मागं. करीमभाईंनी चहा आणला आणि स्वतःच पीत उभे राहिले.

“हा?”

“काढ. माशी बसली आसंल.”

“हा?”

“काढ.”

“हा?”

“थांब. तो ऱ्हाऊ दे. देवीचा वन हाय. देव-देवी आमी समदे कवाच सोडले, पर तिनं दिल्याला वन काय गेला न्हाई.”

मास्तर आणि करीमभाई दोघेही हसले. बाबांनाही चेव आला. प्रत्येक ठिपक्याबरोबर काहीतरी निघू लागलं. भुवईजवळचा चट्टा ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चुलीची ठिणगी उडून झालेला. ओठाखालचा पांढरा ओरखडा मुकादमाशी भांडताना दगड लागल्याचा, “मुकादमाला दोन लागले, त्ये बी सांगतो.” मास्तर वडिलांकडे बघत राहिले.

“बाबा, हे मला कधी सांगितलं न्हाई.”

“तू कवा इचारलं?”

मधेच मी, सवयीने, रंग थोडा उजळ केला. गिऱ्हाईक नेहमी तेच मागतं, जरा गोरं करा. बाबांनी लगेच पकडलं. “गोरी करू नगं. ती उन्हात राबल्याली बाई हाय.”

“बाबा, हे छापायच्या फोटोसाठी,” मी म्हणालो. “ह्या करीमभाईंचा कागद शाई पितो. मी आहे तशी दिली तर ते कोळसा करून देतील. म्हणून मी इथे गोरी करतो, त्यांचं मशीन तिला परत सावळी करतं.”

बाबांनी करीमभाईंकडे पाहिलं. “खरं हाय का?”

“पहिल्यांदा आयुष्यात खरं बोलला,” करीमभाई म्हणाले.

मोठी फ्रेम सुरेख झाली. मोठ्या आकारात ठिपके ठेवायला जागा असते. पत्रकाचा फोटोही जमला. करीमभाईंनी मशीनची शाई कमी करून, रद्दी कागदावर पाहून पाहून काढला. गोंदण तिन्ही ठिकाणी, वलय कुठेच नाही. अडलं ते तिसऱ्या फोटोपाशी, कुवेतच्या.

आज कोणी हसेल, पण तेव्हा इंटरनेटवर फोटो पाठवायचा म्हणजे सुईच्या नेढ्यातून म्हैस काढायची होती. टेलिफोनच्या लाइनवरून जाणार, म्हणून फोटो पोस्टाच्या तिकिटाहून जरासा मोठा करावा लागे. ज्वारीची वाटी आठवा. चेहरा एवढा लहान केला आणि दाणे फेकले गेले, त्यात गालावरचा ठिपका गेला. कपाळाचा राहिला, हनुवटीचा अंधुक राहिला, पण नेमका तो गेला.

मी आधी धार लावून मग लहान करत होतो. लहान करताना ती धार फुकट जात होती. उलटं केलं. आधी लहान, मग धार, अगदी हलकी. ठिपका आला, पण असा, की आहे म्हटलं तर आहे. धार वाढवली तर ठिपका उठला, त्याबरोबर डोळ्यांखालच्या सगळ्या रेघाही उठल्या आणि पारूबाई एकदम म्हाताऱ्या आणि चिडलेल्या दिसू लागल्या.

“ही मुकादमाशी भांडताना,” बाबा म्हणाले. “पोराला ही नगं दावू.”

शेवटी मी धार पुन्हा हलकी केली, फोटो आठपट मोठा करून पडद्यावर घेतला, आणि गालावरच्या त्या जागेतली एकच चौकट, म्हणजे ज्वारीचा एकच दाणा, हाताने थोडी गडद केली. एक चौकट. त्या काळी जगभरच्या इंटरनेटवर जेवढ्या म्हणून चौकटी होत्या, त्यात तिच्याएवढी मोलाची दुसरी नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

बाबा बघत होते. “म्हंजे हा ठिपका तू काढला? खोटा?”

“खोटा नाही बाबा. जागा त्याचीच आहे. लहान करताना फिका पडला होता, मी फक्त पुन्हा काळा केला.”

बाबांनी जरा विचार केला. “गोंदनारनीनं तरी दुसरं काय केलं हुतं,” म्हणाले. “पाठव.”

सावेडीत एका ओळखीच्याचे कॉम्प्युटर क्लास होते, त्याच्याकडे इंटरनेट होतं. फ्लॉपी घेऊन आम्ही तिघे रिक्षाने गेलो. त्याचा मोडेम आधी गाढवासारखा ओरडायचा, मग कढईत मोहरी तडतडावी तसा तडतडायचा, मग रुसायचा. दर वेळी जोडलं की कोणीतरी त्याच लाइनवर फोन करून क्लासची फी विचारी. अखेर फोटो गेला. बाबांनी विचारलं, “गेली?” मी म्हणालो, “गेली.” ते बराच वेळ त्या टेलिफोनच्या वायरीकडे बघत होते.

पोहोचली का, हे कळायला करीमभाईंच्या प्रेसचा फोन ठरला होता. बोळात फोन त्यांच्याकडेच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, कुवेतला जेवणाची सुट्टी होते तेव्हा, आम्ही सगळे मशीनभोवती बसलो. फोन वाजला. करीमभाईंनी उचलला, “हां हां, थांब बेटा,” म्हणून बाबांच्या हातात दिला आणि मशीन बंद केलं. ते मशीन मी निवडणुकीच्या तोंडावरसुद्धा कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं. बंद पडल्यावर कळलं, की बोळात चिमण्याही आहेत.

आम्हाला बाबांचंच बोलणं ऐकू येत होतं.

“पर्काश? हां. म्या. बरा हाय. आली का?” मग थोडं थांबून, “दिसली का? बोल की. आरं, बोल.”

बाबांनी रिसीव्हर कानाला दाबून धरला होता.

“हां. डावा गाल. आपल्याकडून उजवा. हाय ना? व्हय, वाकडाच हाय. तो वाकडाच हुता की रं.”

मग त्यांनी डोळे मिटले.

“रड,” म्हणाले. “निवांत रड. कुनी ऐकत न्हाई.”

मी, मास्तर आणि करीमभाई, तिघांनीही ताबडतोब दुसरीकडे पाहिलं. करीमभाई शाईच्या चिंध्यांनी डोळे पुसायला गेले आणि संध्याकाळपर्यंत डाकूसारखा चेहरा घेऊन हिंडत राहिले.

कार्यक्रमाला मला आग्रहाने बोलावलं होतं. गेलो. पंचशील झालं, जेवणं झाली, आणि मग बायका एकेक करून फ्रेमपाशी येऊ लागल्या. हात जोडायच्या, आणि जाता जाता काचेवर, त्या गालावर, बोट टेकवायच्या. पारूबाईंच्या माहेरची, त्या जत्रेत बरोबर असलेली एक म्हातारी तर फोटोला म्हणाली, “पळाली हुतीस ना गं? बरं झालं, मीच धरली हुती तुला.” मी जिल्हाभर एवढे फोटो केले. फोटोशी असं कोणी बोललेलं तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. समोर फोटो आला, की घरातलं कोणीतरी माणूस मी शेजारी बसवायचो आणि प्रत्येक ठिपक्याला विचारायचो, हा ठेवू का काढू? काम लांबायचं. करीमभाई म्हणायचे, तुझं दुकान आहे का पोलीस पंचनामा? पण त्या स्टुलावर बसून लोकांनी मला जे जे सांगितलं, ते ऐकायला राजालासुद्धा मिळालं नसेल. कुठली खोक बैलाची, कुठली भावाची, कुठली सासूच्या उलथण्याची. मी फोटोला धार लावत होतो असं मला वाटत होतं. त्या लोकांनी माझ्याच डोळ्यांना धार लावून दिली, आणि त्याबद्दल कोणी एकाने कधी उपकार दाखवला नाही. आता मोबाईल आला. तो न विचारता सगळे ठिपके पुसून टाकतो आणि नात नि आजी एकसारख्या दिसतात. मला तेवढं एक खुपतं. पण त्याच्या शेजारी स्टूल ठेवून कोण बसणार?

कार्यक्रमानंतर काही दिवसांनी किसनबाबा एकटेच दुकानात आले. काखेत ज्वारीच्या हुरड्याची पिशवी होती, ती टेबलावर ठेवली. अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी ताजी.

“माझा फोटू करून ठेव,” म्हणाले.

मी घाईघाईने म्हणालो, “बाबा, तुम्हाला काय झालंय? अजून शंभर वर्षं...”

“ते ऱ्हाऊ दे. तू नंतर पोरास्नी इचारत बसशील, हा ठेवू का काढू. त्येंला काय ठावं हाय? म्या हाय तवर सांगतो.”

शेजारच्या स्टुडिओतून फोटो काढून आणला, स्कॅनरवर टाकला. एसटी जामखेडला जाऊन आली. बाबा स्टुलावर बसले, उपरणं मांडीवर घेतलं, आणि आपल्याच चेहऱ्याकडे परक्यासारखं बघू लागले.

“हा कपाळावरचा?”

“बॉयलरचा. ठेव.”

“हनुवटीवरचा?”

“आज सकाळी वस्तरा लागला. काढ.”

“नाकावरची खोक?”

“ठेव. पारूनं लाटनं फेकलं हुतं. नेम चांगला हुता तिचा.”

असं करत करत आम्ही डोळ्यांपाशी आलो. दोन्ही डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, दाट. अशी वर्तुळं मी कोणालाही न विचारता काढतो. ती कोणालाच नको असतात. हात माउसवर गेलासुद्धा होता, तेवढ्यात थांबलो.

“बाबा, हे डोळ्यांखालचं काळं?”

बाबांनी जरा पुढे वाकून पाहिलं.

“ते पयलं नव्हतं,” म्हणाले. “ती गेल्याव आलंय. ते ऱ्हाऊ दे.”